चौतीस घरांची सावड

डॉक्टर एल्सिरा सान्वेसा कोणाकडून काही घेत नसे, आणि या एका सद्गुणापायी पहिली दोन वर्षं किल्मान बेटावर तिचं कोणाशी जमलं नाही.

कोणी बटाट्यांची पाटी आणली की ती म्हणायची, "मला सरकार पगार देतं." कोणी धुरी दिलेल्या, खायच्या शिंपल्यांची माळ आणली, तरी तेच. एका म्हाताऱ्याचं गळू तिने कापलं, तर त्याने पहाटे येऊन तिच्या दारात जिवंत कोकरू बांधलं. ही बाई ते कोकरू होडीतून त्याच्या गावी घेऊन गेली, तिथे ओढत मैलभर चालली आणि त्याच्याच कुंपणाला परत बांधून आली. कोकरू वाटभर बें बें करत होतं, त्यामुळे ज्याला ठाऊक नव्हतं त्यालाही ठाऊक झालं. म्हातारा महिनाभर तोंड लपवून हिंडला.

तिच्या मनात पाप नव्हतं. मुख्य भूमीवरच्या एका चांभाराची ती मुलगी. लहानपणी भाऊ तापाने फणफणला तेव्हा बापाने डॉक्टरला द्यायला घरातली एकुलती एक कोंबडी नेली होती, आणि डॉक्टरने तपासायच्या आधी ती हातात तोलून पाहिली होती. ते तोलणं एल्सिरा विसरली नाही. गरिबाच्या हातचं घ्यायचं नाही अशी तिने शपथ घेतली आणि पाळली. आता शपथ चांगलीच, पण ती कुठे पाळतोय हेही माणसाने बघावं. आमच्याकडे जो आपल्या हातचं घेत नाही तो परका, आणि परक्याला औषधापुरतंच विचारायचं असतं.

बेटाची दाई दोमितिला मावशी. अर्धं बेट तिच्या हातावर जन्मलेलं, आणि त्या अर्ध्या बेटाला ती पन्नाशीतही 'ए कार्ट्या' म्हणून हाक मारायची. ती चारचौघांत म्हणायची, "घेत नाही म्हणजे काय? आमचे हात काय शेणात बुडालेत?"

त्यात दवाखान्याची जागा उफराटी. दोन खोल्यांचं लाकडी घर, भिंतींवर लाकडी कौलं, आणि ते उभं होतं बेटाच्या उत्तर टोकाला, धक्क्याजवळ. माणसं राहायची दक्षिणेला, काइकेन गावात. मधे खाडी. पूर्वी ओहोटीला ती गुडघाभर पाण्यातून चालत ओलांडता यायची. साठ सालच्या भूकंपात जमीन खचली आणि वाट पाण्याखाली गेली ती गेलीच. सरकारदरबारी मात्र नकाशा जुना, आणि नकाशावरची वाट अजून कोरडी ठणठणीत. त्यामुळे उत्तरेच्या वीस घरांच्या वाट्याला डॉक्टर आली आणि दक्षिणेच्या तीनशे घरांच्या वाट्याला खाडी. काइकेनला कोणी अडलं की किनाऱ्यावर पांढरी चादर टांगायची. ती दिसली की उत्तरेचा नावाडी क्लोदोमिरो डॉक्टरला होडीत घालून पलीकडे न्यायचा.

सदुसष्टच्या जूनमध्ये, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या ऐन हिवाळ्यात, आबेलिनो ग्वेन्तेओची बायको ओतिलिया अडली. पोर आडवं होतं. दोमितिला मावशीने आयुष्यात पहिल्यांदा हात टेकले आणि म्हणाली, "हे माझ्या हातचं नाही. त्या गर्विष्ठ बाईला बोलवा." चादर टांगली गेली.

एल्सिराने ती पाहिली. पिशवी उचलून ती धक्क्यावर धावली. पश्चिमेचा वारा असा सुटला होता की बोललेलं तोंडातच परत जावं. क्लोदोमिरो होडीची दोरी धरून उभा होता. तो म्हणाला, "डॉक्टरबाई, आत्ता होडी घातली तर मढ्यांत दोन मढ्यांची भर, बाकी काही नाही." तिने आणखी तिघांना विचारलं. तिघांनी माना हलवल्या. दोन दिवस ती पांढरा कोट घालून किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत राहिली, कारण दुसरं काय करावं तिला सुचत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चादर नव्हती. वारा पडला होता. पलीकडे पोचली तेव्हा आबेलिनो परसात फळ्या तासत होता, आणि त्याने वर पाहिलं नाही. पेटी एकच करणार होता, आईच्या कुशीत पोर.

परत येताना तिने मनाशी ठरवलं की दवाखाना काइकेनला न्यायचा. कसा ते तिला माहीत नव्हतं, पण ठरलं म्हणजे ठरलं. जिल्ह्याच्या गावी जाऊन ती तीन दिवस एका बाकावर बसून राहिली. शेवटी तिथल्या साहेबाने कंटाळून लिहून दिलं: नवी इमारत मिळणार नाही, दुरुस्तीला पैसा मिळणार नाही, स्वतःच्या जबाबदारीवर हलवत असाल तर हलवा. शेवटची ओळ त्याने बहुधा चेष्टेने लिहिली असावी. घरं हलवता येतात हे शहरच्या माणसाला कुठून ठाऊक असणार?

आम्ही तर घरं हलवत आलोच आहोत. खाली जाड ओंडके घालायचे, वीस-पंचवीस बैलजोड्या जुंपायच्या, घर ओढत समुद्रावर न्यायचं, भरतीला तरंगवायचं, होड्यांनी पलीकडे ओढायचं, आणि पुन्हा बैल. याला आम्ही मिंगा म्हणतो. एकाच्या कामाला सगळ्यांनी जायचं, त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, आणि मग ज्याच्या त्याच्या कामाला एकेक दिवस जाऊन सावड फेडायची. एवढं एल्सिराला कळलं होतं. सावडीतलं मर्म तेवढं कळलं नव्हतं.

तिने देवळाच्या दारावर कागद लावला. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी बैल, होड्या घेऊन यावे, प्रत्येकाला दिवसाची मजुरी रोख, स्वतःच्या पगारातून. खाली सही, शिक्का. शनिवारी ती पहाटे उठली, मोठं भांडं चुलीवर ठेवलं, आणि दुपारी चारपर्यंत त्या भांड्याशेजारी बसली. फिरकलं कोण, तर एक कुत्रं.

दुसऱ्या दिवशी ती तडक दोमितिला मावशीच्या घरी गेली. रागाने तिचे ओठ पांढरे पडले होते.

"दोन वर्षं मी या लोकांच्या जखमा धुतल्या, मावशी. एक पै घेतली नाही. आणि एका दिवसाला कोणी येत नाही?"

"बैस आधी," मावशी म्हणाली. "पै घेतली नाहीस हेच तर नडलं. आणि वर मजुरी दाखवलीस! अगं, आबेलिनोच्या दारात पैसे वाजवून त्याला बोलावतेस? तो काय तुझा गडी?"

"मग काय करू? पाया पडू?"

"पडायला कोण सांगतंय? माग. घरोघर जा, दारात उभी राहा, आणि विनवणी कर. कागद नाही, शिक्का नाही. तोंडाने. 'माझं एकटीने होत नाही, तुमची गरज आहे,' एवढं म्हण. म्हटलंयस कधी कोणाला?"

एल्सिराने आठवून पाहिलं, खरंच म्हटलं नव्हतं.

"आणि पेला पुढे आला की प्यायचा," मावशीने बजावलं. "पेला म्हणजे होकार. तो सरकवून दिलास तर मी स्वतः तुझ्या घराखाली आग लावीन."

काइकेनात बैल किंवा होडी असलेली घरं चौतीस होती. ती एकेक करून सगळ्या घरी गेली. पहिल्या दारात तिचा आवाजच फुटेना. त्या घरची बाई म्हणाली, "काय झालं डॉक्टरबाई, घसा बसला का? तुमच्याकडे औषध असेल की." आतून सगळे हसले, आणि मग सफरचंदाच्या दारूचा पेला बाहेर आला. आंबट, घट्ट, डोळ्यांत पाणी आणणारी. ती प्याली. दुसऱ्या दारात बटाट्याचे तळलेले वडे खावे लागले. पाचव्या दारातून निघेपर्यंत तिची पावलं वाकडी पडू लागली होती, आणि काइकेनच्या पोरांना आठवडाभराची करमणूक झाली. एकाने तिला तीनदा विनवणी करायला लावली. पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही म्हणाला, दुसऱ्यांदा बायकोला ऐकायचंय म्हणाला, तिसऱ्यांदा कबूल केलं की ऐकायला बरं वाटतं. कोकराचा म्हातारा दारात वाटच बघत बसला होता. त्याने पेला दिला नाही. आत गेला, कोकरू घेऊन आला, आता ते चांगलं मेंढरू झालं होतं, आणि दोरी तिच्या हातात दिली.

"या वेळी परत आणलंत तर बघा."

"नाही आणत, बाबा," ती म्हणाली. मेंढरू घेऊन ती निघाली. हसू आवरत नव्हतं आणि रडूही.

चौतिसावं घर आबेलिनोचं. त्याच्यावाचून सगळं व्यर्थ होतं, कारण घर पाण्यात उतरवणं ही विद्या भूकंपानंतर त्याच्या एकट्याच्या हातात उरली होती. तरंगवायची रिकामी पिंपं कुठे बांधायची, भरतीचा कोणता क्षण धरायचा, हे तो सांगायचा आणि बाकीचे करायचे. एल्सिरा त्याच्याकडे शेवटी गेली ती मुद्दाम नाही. पाय वळत नव्हते.

त्याने दार उघडलं, पण बाजूला झाला नाही. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"माझं एकटीने होत नाही, आबेलिनोदादा. तुमची गरज आहे."

त्याने तिच्या खांद्यावरून खाडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "चादर दिसली होती?"

"दिसली होती. दोन्ही दिवस."

"तुमचा पांढरा कोट मला इथून दिसत होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी म्हटलं, आता निघेल, आता निघेल."

"नावाडी यायला तयार नव्हते," ती म्हणाली. तेवढ्यावर थांबता आलं असतं. नावाड्यांचं खरंच होतं, आणि कोणी तिला दोष दिला नसता. पण तिला तिथे थांबवेना. "आणि दादा, क्लोदोमिरो नाही म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. मला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून. हे मी कोणाला सांगितलेलं नाही."

आबेलिनोने दार लावून घेतलं. एल्सिराला वाटलं, संपलं. ती चार पावलं गेली असेल नसेल तोच दार पुन्हा उघडलं. त्याच्या हातात पेला होता.

"खरं बोललात म्हणून," तो म्हणाला. "पण माझ्या सावडीचा दिवस मी सांगेन तो, आणि काम मी सांगेन ते."

"कबूल."

"काय काम ते विचारलं नाहीत."

"कबूल म्हटलं ना," असं म्हणून तिने पेला एका दमात रिकामा केला.

ऑक्टोबरच्या मोठ्या भरतीला एकवीस बैलजोड्या आणि तेरा होड्या आल्या; निम्म्या जोड्या आदल्या दिवशीच होड्यांतून उत्तरेला उतरवल्या होत्या, निम्म्या काइकेनच्या वाळूवर ठेवल्या होत्या. उत्तरेच्या वीस घरांतली माणसं लांब उभी राहून बघत होती. कोणी हात लावला नाही, कोणी अडवलंही नाही. खिडक्या, धुराडं, औषधांची कपाटं आधीच काढली होती. आबेलिनोने आरोळी ठोकली, बैलांनी माना खाली घालून जोर लावला, आणि दवाखाना करकरत जागचा हलला. चिखल, शिव्या, तुटलेले दोर, पुन्हा जोडलेले दोर. दुपारी घर पाण्यात उतरलं आणि पिंपांच्या आधाराने डुलत तरंगू लागलं. आठ जणांबरोबर आबेलिनो घरातच उभा होता. एल्सिरा पुढच्या होडीत, दोन्ही हातांनी फळी धरून, डोळे उघडे ठेवून. ते उघडे ठेवणं हेच तिचं त्या दिवसाचं काम होतं.

अर्ध्या खाडीत डावीकडच्या पिंपांचा दोर सुटला. दोन पिंपं उसळून निघून गेली आणि घर त्या अंगाला कललं. दारातून पाणी आत शिरलं. होड्यांवरून ओरडा झाला. कोणी म्हणालं पिंपं पकडा, कोणी म्हणालं घर सोडा, माणसं काढा. घरातून आबेलिनोचा आवाज आला, "उजवीकडचीही दोन तोडा!"

"वेडा झालास का रे?" कोणीतरी ओरडलं.

"तोडा म्हणतो ना! बुडालं तर सरळ बुडू दे, वाकडं नको!"

कुऱ्हाडीचे चार घाव पडले. उजवीकडची पिंपं सुटली, आणि घर खिडक्यांच्या चौकटीपर्यंत पाण्यात बसलं, पण सपाट बसलं. आतली नऊ माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. मग सगळ्या होड्यांनी एकदम ओढ घेतली. भरती उतरायला लागली तेव्हा ओंडके काइकेनच्या वाळूला लागले. बैल तयारच होते.

आबेलिनो दारातून बाहेर आला तो भिजलेला, गारठलेला. एल्सिरा वाळूत उतरून उभी होती. तो तिच्यासमोर थांबला.

"चार महिने उशीर झाला, डॉक्टरबाई," तो म्हणाला. "पण आलात ते घरासकट आलात."

त्या दिवशी खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर शिंपले, बटाटे, डुकराचं मांस शिजलं, मेंढरूही गेलं त्यातच, आणि तिने सगळ्यांना स्वतःच्या हाताने वाढलं.

मग सावड फेडणं सुरू झालं. रविवार आणि सुट्टीचे दिवस तिने बटाट्याच्या वाफ्यांत, मेंढ्यांच्या लोकरीत, सरपणाच्या ढिगात घालवले. पहिल्या आठवड्यात हातांना फोड आले, ते बघून बायकांनी यथेच्छ टिंगल केली. पण त्या वाफ्यांत तिला जे कळलं ते दवाखान्याच्या खुर्चीत जन्मात कळलं नसतं. एका घरात म्हातारा मागच्या खोलीत खोकतो आणि त्याच्याच पेल्यात नातवंडं पितात, हे तिने चुलीपाशी बसून पाहिलं. एक बाई वाकली की कळ दाबते, आणि विचारलं तर म्हणते काही नाही, हे तिने तिच्या शेजारी वाकून पाहिलं. दवाखान्यात माणूस अंघोळ करून, खोटं बोलून येतो. वाफ्यात तसं जमत नाही. एका वर्षात तिला क्षयाचे अकरा रोगी सापडले, त्यातला एकही स्वतःहून तिच्याकडे आलेला नव्हता. पुढे सावड फिटली तरी ती कोणाच्या ना कोणाच्या कामाला जातच राहिली, शेवटपर्यंत. तीन वर्षांनी बदलीचा कागद आला तेव्हा तिने तो वाचला आणि खिशात घातला. मार्चमध्ये तीन घरी सफरचंदं कुटायला जायचं होतं.

पण ते पुढचं. दवाखाना हलला त्याच्या पुढच्या एप्रिलपर्यंत तेहतीस दिवस फिटले. आबेलिनोने आपला दिवस मागितला नव्हता. आणि इकडे एक नवीन दुखणं उभं राहिलं होतं. उत्तरेची वीस घरं आता खाडीपलीकडे पडली होती. डॉक्टरला पलीकडे न्यायला क्लोदोमिरो आता काइकेनच्या बाजूला मुक्कामाला थोडाच येणार? एकदा तो स्वतः सुनेला घेऊन आला आणि तिला तपासून होईपर्यंत कोपऱ्यात धुमसत उभा राहिला. "आमचा डॉक्टर नेलात," तो जाताना म्हणाला. "आता मरायची पाळी आमची, होय ना?" ते वाक्य एल्सिराला रात्रंदिवस टोचत राहिलं.

मे महिन्यात एका सकाळी आबेलिनो दवाखान्याच्या दारात आला.

"माझा दिवस," तो म्हणाला. "चला."

ती कोट काढून, बाह्या सरसावून निघाली. त्याच्या वाफ्याच्या दिशेने वळली तर तो उलटीकडे, किनाऱ्याकडे चालू लागला. तिथे त्याची छोटी होडी पाण्यात होती. त्याने तिला मधल्या फळीवर बसवलं, वल्ही तिच्या हातात दिली, आणि स्वतः मागे जाऊन, हाताची घडी घालून बसला.

"आबेलिनोदादा, मला येत नाही."

"म्हणून तर दिवस मागितला. पलीकडच्या टोकाला जायचं. नावाडी नाही म्हणाला तर तुमच्याकडे निमित्त उरायला नको."

हवा फार वाईट नव्हती, पण चांगलीही नव्हती. होडी आधी गोल फिरली. मग वाकडीतिकडी पुढे सरकली. अर्ध्या वाटेवर लाटा आडव्या आल्या. एल्सिरा बाजूला वाकून ओकली, तोंड बाहीला पुसलं, आणि वल्ही धरली. थोड्या वेळाने पुन्हा ओकली. तळहातांची साल निघाली होती. "मला नाही होत," ती म्हणाली. "तुम्ही घ्या. वळवा."

आबेलिनोने हाताची घडी सोडली नाही.

"ओतिलियाही म्हणत होती, मला नाही होत," तो म्हणाला. "दोन दिवस म्हणत होती."

तिला वाटलं, याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तिला रडू फुटलं, आणि ती रडतच वल्हवू लागली. ओतिलियासाठी ती तोवर रडली नव्हती. तिला तसा हक्क आहे असं वाटलं नव्हतं. आबेलिनो तिच्याकडे न बघता पाण्याकडे बघत राहिला. त्याचेही गाल ओले होते, आणि ते लाटांनी झाले असं त्याने भासवलं नाही.

होडी उत्तरेच्या वाळूला लागली तेव्हा क्लोदोमिरो जाळं विणत बसला होता. तो जाळं टाकून उठला आणि तसाच उभा राहिला. आबेलिनोने उतरून होडी वर ओढली.

"फिटला तुमचा दिवस," तो म्हणाला. "परत मी नेतो. हात दाखवा तुमचे."

एल्सिराने हात मागे घेतले. "परतही मीच नेणार. आणि उद्या सकाळी पुन्हा येते."

"अहो, फिटला म्हटलं ना!"

"फिटला," ती म्हणाली आणि क्लोदोमिरोकडे वळली. "तरी येते. वारा असेल तेव्हाही बोलवा."